नवागामच्या छपरावरचं ऊन

जळगाव, धुळे, नंदुरबारची माणसं तापीच्या उताराने सुरतेला आली, पण त्यांच्या घरांची छपरं गावीच राहिली. उधन्याहून निघणारी रेल्वे बारडोली, व्यारा, नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर करत जळगावला जाते. गेली चार-पाच दशकं खानदेशातली कुटुंबं याच गाडीने उलट्या दिशेने येत राहिली. कोणी लूमच्या खात्यात लागलं, कोणी डाइंगच्या कारखान्यात, कोणी भरतकामाच्या मशीनवर. नवागाम, डिंडोली, लिंबायत, उधना, पांडेसरा या भागांत आज गल्लीगल्लीत अहिराणी ऐकू येते आणि महापालिकेच्या मराठी शाळाही आहेत. बोली आली, सण आले, कळण्याची भाकरी आली. धाबं मात्र आलं नाही, आणि त्याला कारण आहे.

खानदेशातलं धाब्याचं घर म्हणजे लाकडी खांब, त्यांवर सरे, सऱ्यांवर कड्या, कड्यांवर किलचन, त्यावर पालापाचोळा आणि मग मातीचा चांगला जाड थर. सगळ्यांत वर खारी माती. ही माती ओली झाली की फुगते आणि पाण्याच्या वाटा बुजवून टाकते. म्हणून दरसाल मृगाआधी धाब्यावर नवी खारी पडायची. मेमध्ये जळगावात दुपारी पारा बेचाळीसच्या वर जातो आणि पहाटे सत्तावीसच्या आसपास उतरतो. पंधरा अंशांचा हा चढउतार जाड मातीला मानवतो. दिवसभराचं ऊन तिच्या पोटातच अडकतं, खाली झिरपेपर्यंत संध्याकाळ होते, आणि कोरड्या, निरभ्र रात्री ती आपली उष्णता आकाशाकडे सोडून देते. घरातली माणसं तोवर धाब्यावरच अंथरुणं टाकून झोपलेली असत.

सुरतेत हे गणित बसत नाही. इथे मेची दुपार छत्तीस-सदतीस अंशांची आणि रात्र सत्तावीसची. फरक नऊ-दहा अंशांचाच. खाडीवरून येणारी हवा दमट, त्यामुळे रात्रीही छप्पर नीट निवत नाही आणि अंगावरचा घाम वाळत नाही. पाऊस वर्षाला साधारण बाराशे मिलिमीटर, धुळ्याच्या दुपटीच्या आसपास. एवढ्या पावसात मातीचं धाबं एक हंगामही टिकायचं नाही. म्हणून नवागामला घर बांधणाऱ्यापुढे मोजकेच पर्याय उरतात: लोखंडी पत्रा, सिमेंटचा पत्रा, कौल आणि स्लॅब. यांतलं एक निवडताना बहुतेक लोक दोनच गोष्टी विचारतात, खर्च किती आणि गळेल का. तिसरा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे, आणि मला तो पहिला वाटतो: या छपराखाली कोण, कोणत्या वेळी झोपणार आहे?

आधी उन्हाचा हिशोब करू. नवागामची घरं अरुंद प्लॉटवर एकमेकांना भिंत लावून उभी असतात. दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांत अडकलेल्या, उघड्या फक्त पुढची आणि मागची. म्हणजे उन्हाला मोकळी सापडणारी मोठी जागा एकच, छप्पर. सुरतेचे अक्षांश साधारण २१.२ अंश उत्तर, त्यामुळे मेच्या अखेरीस सूर्य बरोबर डोक्यावर येतो. निरभ्र दुपारी सपाट छपराच्या एका चौरस मीटरवर जवळजवळ एक हजार वॅट ऊन पडतं. घर चारशे चौरस फुटांचं धरलं तर छप्पर झालं सदतीस चौरस मीटरचं. एक किलोवॅटच्या सदतीस इस्त्र्या छपरावर पालथ्या घालून चालू ठेवल्यासारखंच हे आहे. यातलं सगळं ऊन आत येत नाही. किती परत फेकलं जातं, किती छपरात मुरतं आणि मुरलेलं आत केव्हा पोचतं, यावरच एक छप्पर दुसऱ्यापेक्षा वेगळं ठरतं.

लोखंडी पत्रा घ्या. नालीदार लोखंडी पत्र्याचं पेटंट हेन्री रॉबिन्सन पामर यांनी १८२९ मध्ये लंडनला घेतलं. सपाट पत्रा लगेच वाकतो, पण त्याच पत्र्याला नाल्या पाडल्या की तो लांब अंतर आधाराशिवाय पेलतो, एवढीच त्यातली युक्ती. पुढे जस्ताचा लेप आला आणि गंजही आटोक्यात आला. नव्या पत्र्याचं वजन चौरस मीटरला चार-पाच किलो. मंगळोरी कौलांचं छप्पर चाळीस-पंचेचाळीस किलो भरतं, आणि पाच इंची स्लॅब तीनशेच्या वर. कमी लाकूड, कमी लोखंड, दोन दिवसांत काम पुरं, आणि पुढेमागे मजला चढवायचा झाला तर पत्रा काढून विकताही येतो. पोटाला चिमटा घेऊन पहिली खोली उभी करणाऱ्याने पत्रा निवडला तर ते समजण्यासारखं आहे.

पण पत्र्याच्या अंगात उष्णता धरून ठेवायला जागाच नाही. अर्ध्या मिलिमीटर लोखंडातून ती क्षणात पलीकडे जाते. नवा पत्रा चकाकतो, बरंच ऊन परत फेकतो, तरी हाताला चटका देतो. कारण चकाकणारा धातू मुरलेली उष्णता बाहेर टाकायला फार कंजूष असतो. पुढे पत्रा मळतो, गंजतो आणि दुपटीने ऊन पिऊ लागतो. मेच्या दुपारी असा जुना पत्रा साठ अंशांच्या पुढे जातो. त्याखाली बसलेल्या माणसाला हवेपेक्षा जास्त त्रास पत्र्याच्या झळीचा होतो. ही झळ किरणांच्या रूपाने थेट डोक्यावर आणि खांद्यांवर उतरते, पंखा तिला अडवू शकत नाही. उलट छपराखाली साचलेली तापलेली हवा तोच खाली ढकलतो.

यावरचा उपाय पत्र्याच्या दोन बाजूंना दोन वेगळ्या गोष्टी करण्यात आहे. वरच्या अंगाला पांढरा रंग द्यावा. पांढरा रंग ऊन परत फेकतो आणि जे मुरतं तेही आकाशाकडे सोडतो. खालचं अंग मात्र रंगवू नये, चकचकीतच ठेवावं. चकाकीची जी कंजुषी वरून नडते, तीच खालून उपयोगी पडते, कारण तापलेल्या पत्र्याची झळ मग खोलीत कमी उतरते. ॲल्युमिनियमचा मुलामा असलेली बबल शीट पत्र्याखाली, मध्ये दोन-तीन इंच हवा खेळती ठेवून ताणली तर आणखी बरं. पत्र्याच्या खालच्या कडेला जाळी आणि आढ्याजवळ हवा निघायला वाट हवीच. आढ्यावर वाट ठेवली तर पाऊस आत येईल म्हणून पुष्कळ जण ती बंद करून टाकतात. झाकण चढवून ती ठेवता येते.

खर्च झेपत असेल तर पफ पॅनल. दोन पत्र्यांमध्ये चाळीस-पन्नास मिलिमीटर फोम भरलेला असतो आणि उष्णता अडवण्यात तो सहा इंची स्लॅबच्या कितीतरी पुढे आहे. एक काळजी मात्र घ्यायलाच हवी. हा फोम पेटतो आणि त्याचा धूर विषारी असतो. पत्र्याखाली उघडं थर्माकोल चिकटवणं तर त्याहून धोक्याचं. २४ मे २०१९ ला सुरतेच्याच सरथाणा भागात तक्षशिला इमारतीला आग लागली आणि वरच्या बेकायदा वाढवलेल्या मजल्यावर शिकवणीला बसलेली बावीस मुलं गेली. पेटणारं सामान, एकच जिना आणि वर कोंडलेली माणसं असली की काय होतं, हे या शहराला कोणी सांगायला नको. म्हणून छपराखालचं अस्तर निवडताना ते किती गारवा देतं याआधी ते कसं पेटतं हे विचारावं, आणि फोम नेहमी दोन धातूंच्या पत्र्यांत बंद असलेलाच घ्यावा.

वाऱ्याचं काय? १७ मे २०२१ ला तौक्ते चक्रीवादळ सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर धडकलं आणि त्याच्या कडेचा वारा सुरतेपर्यंत पोचला. वारा पत्रा वरून दाबत नाही, खालून आणि कडेवरून उचलतो. पत्र्यावर दगड, विटा, जुने टायर ठेवून त्याला धरून ठेवता येत नाही, उलट वादळात तेच खाली येतात. हुक किंवा रबरी वॉशरचे स्क्रू कडेला, कोपऱ्यांत आणि आढ्याजवळ दाट मारावेत, कारण उचल तिथेच जास्त असते.

सिमेंटचा पत्रा, म्हणजे आपण सवयीने ज्याला एवढंच म्हणतो तो, खरं तर ॲस्बेस्टॉसचा पत्रा आहे. ऑस्ट्रियाच्या लुडविग हाचेक यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी सिमेंटमध्ये ॲस्बेस्टॉसचे तंतू घालून तो बनवला. गंजत नाही, पावसाचा आवाज कमी, लोखंडी पत्र्याइतका लगेच तापत नाही. हे सगळं खरं. पण सुरतेच्या पावसात दोन वर्षांत त्यावर काळं शेवाळ चढतं आणि मग तोही ऊन पिऊ लागतो. त्याहून मोठी गोष्ट वेगळीच आहे. ॲस्बेस्टॉसचे तंतू श्वासावाटे फुप्फुसात गेले की तिथेच रुततात आणि अनेक वर्षांनी कर्करोग किंवा फुप्फुसं घट्ट करणारा आजार देतात. जागतिक आरोग्य संघटना त्याचे सगळेच प्रकार कर्करोगकारक मानते. युरोपीय संघाने २००५ पासून त्यावर पूर्ण बंदी घातली. आपल्याकडे अहमदाबादच्या एका ग्राहक संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये ॲस्बेस्टॉस कामगारांच्या आरोग्याबद्दल महत्त्वाचा निकाल दिला, तरी पत्रे आजही बनतात आणि विकले जातात.

माझं मत स्पष्ट आहे: नव्या घरावर हा पत्रा घालू नये. ज्यांच्या डोक्यावर तो आधीच आहे त्यांनी घाबरून तो फोडत सुटू नये. शाबूत, रंगवलेल्या पत्र्यातून तंतू फारसे सुटत नाहीत. सुटतात ते कापताना, भोकं पाडताना, तारेच्या ब्रशने शेवाळ खरवडताना आणि मोडताना. म्हणून त्यावर चढून घासू नये. काढायची वेळ आलीच तर आधी पाण्याने भिजवावा, अखंड उतरवावा, नाकातोंडावर चांगला मास्क लावावा, मुलांना दूर ठेवावं. तुटके तुकडे गल्लीच्या खड्ड्यात भर म्हणून टाकण्याची पद्धत आहे, ती थांबायला हवी. गाड्यांच्या चाकांखाली त्यांचाच भुगा होतो.

कौलांबद्दल मला मनापासून जिव्हाळा आहे. १८६५ मध्ये बासेल मिशनच्या गेओर्ग प्लेब्स्ट यांनी मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि एकमेकांत अडकणारं ते तांबडं कौल पश्चिम किनाऱ्यावर वरपर्यंत पसरलं. जुन्या सुरतेच्या घरांवरही कौलंच असत. कौलांच्या फटींतून तापलेली हवा सतत वर निघून जाते, भाजलेली माती पावसाचं थोडं पाणी धरते आणि ते वाळताना छप्पर गार होतं. एवढं साधं, श्वास घेणारं आच्छादन दुसरं नाही. पण नवागामच्या गल्लीत कौल बसवणं अवघड आहे. त्याला चांगला उतार लागतो, म्हणजे अरुंद प्लॉटवर दोन्ही पाख्यांचं पाणी पडायला जागा लागते. ती शेजाऱ्याच्या भिंतीने अडवलेली असते. वासे-रिपांचं लाकूड महाग झालंय, शाकारणीला माणूस मिळत नाही, आणि वर मजला चढवण्याची वाट कायमची बंद होते. ज्यांचं गावी, व्याऱ्याकडे किंवा नवापूरकडे मोकळ्या जागेत घर आहे त्यांनी कौलाचा विचार जरूर करावा. तिथे त्याच्या तोडीचं काही नाही.

मग उरतो स्लॅब. बहुतेकांची स्वप्नं स्लॅबपाशी येऊन थांबतात आणि ते योग्यच आहे. ऑगस्ट २००६ मध्ये उकाईतून सोडलेल्या पाण्याने तापीने सुरतेचा मोठा भाग बुडवला, तेव्हा माणसं कित्येक दिवस गच्च्यांवरच राहिली. पत्र्यावर असं राहता येत नाही. गच्चीवर पापड वाळतात, लग्नाची पंगत बसते, उत्तरायणाला पतंग उडतात. वर मजला चढतो, भाडेकरू येतो, म्हातारपणाची सोय होते.

तरीही उघडा स्लॅब हे सुरतेतलं एक फसवं छप्पर आहे. काँक्रीट ऊन पितं आणि ते आत पोचवायला चारेक तास लावतं. दुपारी बाराचं ऊन संध्याकाळी चारला आणि तीनचं ऊन सातला छताच्या खालच्या अंगाला पोचतं. बाहेर वारा सुटलेला असतो आणि वरच्या खोलीचं छत हाताला गरम लागतं. मध्यरात्रीपर्यंत ते खोलीत उष्णता सोडत राहतं.

आता माझा तिसरा प्रश्न इथे लावून बघा. सुरतेत लूमची पाळी बारा तासांची. रात्रपाळीचा माणूस सकाळी घरी येतो, अंघोळ करून, जेवून नऊ-दहाला आडवा होतो आणि चार-पाचला उठतो. त्याची सगळी झोप सूर्य डोक्यावर असताना होते. उघड्या पत्र्याखाली अशी झोप होऊच शकत नाही, आणि न झोपलेला माणूस रात्री पुन्हा मशीनवर उभा राहतो. बोटं जायला एक डुलकी पुरते. त्याला स्लॅब पत्र्यापेक्षा खूप बरा, कारण स्लॅब निदान दुपारचं ऊन दुपारी खाली येऊ देत नाही. दिवसपाळीच्या माणसाचं उलट आहे. पत्रा सूर्य मावळल्यावर तासाभरात निवतो, उघडा स्लॅब मात्र त्याला बारा वाजेपर्यंत झोपू देत नाही. आणि घरात बाळंतीण, तान्हं मूल, शिवणकाम किंवा हातकाम करणारी बाई असेल, तर त्यांना दुपार आणि रात्र दोन्ही त्याच छताखाली काढायची असते. त्यांचा विचार छप्पर ठरवताना सगळ्यांत शेवटी होतो, आणि ते मला टोचतं.

दोन्ही वेळा सांभाळणारा उपाय आहे, तो म्हणजे ऊन स्लॅबमध्ये मुरूच न देणं. गच्चीवर एक-दीड इंच जाडीचा उष्णतारोधक फोमचा थर, त्यावर उताराचा कोबा आणि सगळ्यांत वर पांढरा चायना मोझॅक. मोरबीच्या कारखान्यांतल्या पांढऱ्या टाइल्सचे तुटके तुकडे त्याला चालतात, आणि गुजरातेत हे काम जाणणारे कारागीर मिळतात. थर स्लॅबच्या वरच हवा. खाली खोलीत बसवला तर स्लॅब तापून फुगत-आकसत राहतो, तडे जातात आणि पहिल्याच पावसात गळती. नुसता विटांच्या तुकड्यांचा कोबा पाणी अडवतो, ऊन थोडंच अडवतो. नवाच स्लॅब टाकायचा असेल तर लॉरी बेकर यांनी केरळात रुळवलेली पद्धतही इंजिनिअरला विचारावी. स्लॅबच्या खालच्या भागातलं बरंचसं काँक्रीट भार पेलायच्या कामी येत नाही, त्या जागी जुनी मंगळोरी कौलं जोडीने बसवायची. काँक्रीट आणि वजन कमी लागतं, आणि कौलांमधली कोंडलेली हवा उष्णता थोपवते.

एवढा खर्च यंदा जमत नसेल तर चुना. फेब्रुवारीत गच्ची झाडून धुवायची, चुन्यात थोडं पांढरं सिमेंट आणि फेविकॉल कालवायचं, आणि दोन-तीन हात द्यायचे. जुनं करडं काँक्रीट जेमतेम पाव-तिसरा हिस्सा ऊन परत फेकतं, ताजा चुना सत्तर टक्क्यांच्या आसपास. आपल्या सदतीस किलोवॅटपैकी पूर्वी पंचवीस-सव्वीस मुरत होते, आता अकरा मुरतील. वरच्या खोलीत दोन ते पाच अंशांचा फरक पडतो. पावसाळ्यात चुना धुपतो, पण तोवर त्याचं काम झालेलं असतं. ऑक्टोबरच्या उकाड्याआधी एक हात पुन्हा द्यावा. अहमदाबादला मे २०१० च्या लाटेत त्या महिन्यात नेहमीपेक्षा तेराशेहून जास्त मृत्यू झाले, त्यातून तिथे २०१३ चा उष्णता कृती आराखडा आला आणि पुढे वस्त्यांमधली छपरं पांढरी करण्याची मोहीमही. सुरतेतही आशियाई शहरांच्या हवामान कार्यक्रमात, इंदूरसोबत, गार छपरांचे प्रयोग झालेले आहेत. म्हणजे हे इथल्या हवेत करून पाहिलेलं काम आहे.

सौर पॅनल बसवणाऱ्यांना आणखी एक फायदा मिळतो. प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला अठ्ठ्याहत्तर हजार रुपयांपर्यंत अनुदान आहे. पॅनल गच्चीपासून माणूस खालून फिरेल इतके उंच घेतले तर खालच्या स्लॅबला दिवसभर सावली मिळते आणि हवाही खेळते.

सगळ्यांत अवघड जागा भाड्याच्या खोल्यांची आहे. छप्पर मालकाचं, झळ भाडेकरूची, आणि वरच्या मजल्यावरची पत्र्याची खोली स्वस्त म्हणून नव्याने गावाहून आलेल्याच्या वाट्याला येते. घरांच्या उष्णतेसाठी देशात नियम आहे. २०१८ ची इको-निवास संहिता सांगते की छतातून दर चौरस मीटरला, तापमानाच्या दर अंश फरकामागे १.२ वॅटपेक्षा जास्त उष्णता जाऊ नये. उघड्या स्लॅबमधून याच्या जवळजवळ तिप्पट जाते. पण ही संहिता पाचशे चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या प्लॉटवरच्या बांधकामासाठी आहे. नवागामचा प्लॉट त्याच्या दहाव्या हिश्श्याएवढाही नसतो. बांधकामाच्या परवानगीच्या नकाशावर, कितीही लहान घर असो, छताच्या उष्णतारोधक थराची एक ओळ सक्तीची करणं आणि पत्र्याची खोली भाड्याने देणाऱ्याकडून दर फेब्रुवारीत पांढरा रंग लावून घेणं महापालिकेला अवघड नाही. घरपट्टीच्या बिलात थोडी सूट दिली तर मालकही कुरकुर न करता लावतील.